चित्रांच्या मागचं लिखाण

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात इलेक्ट्रिक सामानाचं एक लहानसं दुकान आहे. पंखे, वायर, स्विच, ट्यूबलाइट. काउंटरच्या मागच्या ज्या भिंतीवर इतर दुकानांत देवाचा फोटो आणि कॅलेंडर असतं, तिथे एका मुलीची बावीस चित्रं लावलेली होती. सगळी लॅमिनेट केलेली, सरळ ओळीत. जून 2023 मध्ये मी तिथे एक्स्टेन्शन बोर्ड घ्यायला गेले होते. मालक बोर्ड तपासता तपासता म्हणाले, "तुम्ही ड्रॉइंगच्या टीचर ना? मग आमच्या बायची चित्रं बघून जा." मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी त्यांनी मला काउंटरच्या आत बोलावलं आणि एकेक चित्र दाखवलं. कुठल्या स्पर्धेत काढलं, किती मुलं होती, नंबर कितवा आला, परीक्षक काय म्हणाले, सगळं तोंडपाठ.

त्याच शनिवारी ते मुलीला घेऊन माझ्या वर्गात आले. तिला खोलीत बसवलं आणि बाहेर व्हरांड्यात येऊन हळूच म्हणाले, "टीचर, सात महिने झाले, ती कागदाला हात लावत नाही. स्पर्धेचं नाव काढलं की रडते. आमचं काय चुकलं ते सांगा."

या मुलीची आणि तिच्या घराची हकीगत मी घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घरात तिला सगळे बाय म्हणतात, म्हणून इथेही बायच. माझ्या वर्गात आली तेव्हा ती साडेसात वर्षांची होती आणि तिसरीत शिकत होती.

घर

घरात आई, बाबा, आजी, काका-काकी आणि त्यांचा लहान मुलगा. आई घरी शिवणकाम करते. बाबांचं दुकान पहिल्यापासूनचं नाही. त्यांचा खाणीवर स्वतःचा ट्रक होता, खनिज वाहणारा टिपर. सप्टेंबर 2012 मध्ये गोवा सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, आणि या भागातले शेकडो ट्रक घराघरांसमोर उभे राहिले. बँकेचे हप्ते मात्र थांबत नव्हते. बाबांनी दीड वर्ष वाट पाहिली आणि मिळेल त्या भावाला ट्रक विकला. दुकान त्यानंतरचं. 2018 च्या मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या तेव्हा "बरं झालं, आधीच बाहेर पडलास" असं लोक त्यांना म्हणाले. मला हे सांगताना त्यांचा आवाज बसला होता.

हे लिहिण्याचं कारण आहे. आईबापांना मुलांच्या चित्रांचा अभिमान का वाटतो, याचं उत्तर पुष्कळदा चित्रात नसतं, घरात असतं. या माणसाच्या हातून एक गोष्ट गेली होती, आणि गेली ती साऱ्या गावादेखत. मग पोरीच्या हातून काहीतरी झालं, तेही साऱ्या गावादेखत. ती भिंत बघताना मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर पुढे मी केलेली चूक कदाचित झाली नसती.

बायची चित्रं सुरू झाली लॉकडाऊनमध्ये. मार्च 2020 पासून दुकान बंद, बाबा दिवसभर घरी. कपाटात जुनी एस्टिमेटची पॅडं पडून होती. त्यांच्या कोऱ्या पाठी त्यांनी पोरीला दिल्या आणि स्वतः शेजारी बसून राहिले. त्यांना चित्र काढता येत नाही. ते नुसते बसायचे, पेन्सिलींना टोक काढून द्यायचे. आई म्हणते, त्या दोन-तीन महिन्यांत ते पहिल्यांदा पोरीच्या इतके जवळ होते.

फोल्डर

दुकानातली भिंत बाबांची आणि प्लॅस्टिकचा निळा फोल्डर आईचा. तिने तो मला तिसऱ्या भेटीत दाखवला, तोही जरा संकोचूनच. बायने काढलेला बहुतेक प्रत्येक कागद तिने जपला आहे. मागच्या बाजूला, एस्टिमेटच्या छापील रकान्यांवर, तारीख आणि एक-दोन ओळी. त्या ओळी म्हणजे चित्र काढताना बाय जे बोलली ते.

मी तो फोल्डर घरी आणला आणि एक अख्खा रविवार त्यात गेला. पहिल्या दीड वर्षात दीडशेच्या आसपास चित्रं आहेत. एक चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं, 2020 चं. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची चौकट, कागदभर पसरलेली. नारळाचे घड, सुपारीचे घोस, काकड्या, तोरिंगं, चिबूड, लाल-केशरी कांगलां, सगळं ढोबळ आणि भलंमोठं. बाप्पा मात्र खाली कोपऱ्यात, अंगठ्याएवढा. मागे आईच्या अक्षरात: "माटोळी मोठी, बाप्पा लहान. म्हणते, मी खाली निजून बघितलं."

दुसऱ्यात आजीचा एक हात कागदाच्या वरच्या कडेपर्यंत गेलेला. मागे: "आजी फणस काढते. दुसरा हात घरी आहे."

तिसरं काकीचं. काकी तेव्हा गरोदर होती. पोटात बाळ स्पष्ट दिसतं, बाळाला दोन वेण्या. मागे: "म्हणते, आत केस विंचरायला भरपूर वेळ असतो." हा कागद मधोमध घडी घालून ठेवलेला होता. आईला विचारलं तर ती हसली. बाबांनी तो दुकानात लावायला नेला होता, पण लोक काय म्हणतील म्हणून पोटाच्या जागी घडी घालून वरचा अर्धाच भाग लावावा असं त्यांच्या मनात आलं. शेवटी लावलाच नाही.

ज्यांना बालचित्रांचा परिचय आहे त्यांना ही तिन्ही चित्रं ओळखीची वाटतील. जॉर्ज-आन्री ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने 1927 मध्येच मांडलं होतं की या वयातलं मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक असतं ते काढतं. पोटात बाळ आहे हे ठाऊक आहे, तर ते दिसायलाच हवं. भिंत, कपडा, कातडी यांची अडचण नाही. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 च्या आपल्या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे टप्पे सांगितले. त्यांच्या मांडणीप्रमाणे मुलाला जे महत्त्वाचं वाटतं ते आकाराने मोठं होतं, आणि ज्या अवयवाला काम आहे तो लांबतो. आजीचा हात लांब झाला तो याच नियमाने. यात चुकलेलं काहीच नाही. पाच वर्षांच्या मुलीने आपल्या जगाचा चोख हिशेब मांडला आहे, आणि तो आईने कागदामागे जसाच्या तसा उतरवला आहे.

नंतर ऑगस्ट 2021 येतो. चवथीच्या निमित्ताने एका मंडळाची ऑनलाइन स्पर्धा होती. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचा. विषय 'माझे गाव'. बाबांनी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला आणि बायने तो बघत बघत चित्र काढलं: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणाची नदी, कौलारू घर, एक माड, चार आकडेवजा पक्षी. बाहेरच्या कडा बाबांनी पट्टीने आखून दिल्या. पहिला नंबर आला.

फोल्डरमध्ये त्यानंतरची अडतीस चित्रं आहेत. त्यांपैकी एकतीस हीच. सूर्याचा रंग तेवढा बदलतो. आणि मागचं लिखाण पाहा. पहिल्यावर: "प्रथम क्रमांक." मग: "सराव." "सराव." "द्वितीय क्रमांक." "सराव." "सराव." "सराव." बाय काय बोलली ते आईने कुठेच लिहिलेलं नाही. मी विचारलं तेव्हा ती बराच वेळ कागद चाळत राहिली आणि म्हणाली, "ती बोलायचीच नाही हो काढताना. मग मी काय लिहिणार?"

डिचोलीतून त्रिकोणी डोंगर दिसत नाहीत. बायच्या घरामागून दिसतो तो खाणीचा डंप, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीचा डोंगर: लाल, पायऱ्यापायऱ्यांचा, वर सपाट, त्यावर लावलेली अकेशियाची झाडं. पावसाळ्यात तिथून तांबडं पाणी उतरतं. तिचं गाव ते आहे. एकतीस वेळा 'माझे गाव' काढताना ते एकदाही आलं नाही.

14 नोव्हेंबर 2022 ला बालदिनाच्या स्पर्धेत तिने पुन्हा तेच काढलं. शेजारच्या रांगेत तेच, मागच्या रांगेत तेच. नंबर आला नाही. बाबा रागावले नाहीत, "पुढच्या वेळी येईल" एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून तिने रंगांचा डबा उघडला नव्हता.

मी अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले आहे. दोन तासांत दोनशे कागद बघायचे असतात. घोटून आणलेलं नीटस चित्र हाताला लगेच लागतं, आणि जिथे आजीचा एक हात घरी राहिलेला असतो तो कागद बाजूला पडतो. ते नंबर आमच्यासारख्यांनीच दिलेले आहेत, हे मला फोल्डर बंद करताना टोचत होतं.

माझी चूक

बाबांच्या प्रश्नाला माझ्याकडे पुस्तकी उत्तर तयार होतं. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं आणि रिबिनीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काही न सांगता काढून झाल्यावर ते अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं नुसती ठेवून दिली, बक्षिसाचं नाव नाही. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं आता इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

बायची गोष्ट यात तंतोतंत बसते असं मला वाटलं. नववं-दहावं वर्ष लागलं की पुष्कळ मुलं चित्रांपासून आपणहून दूर होतात, कारण आपलं चित्र खऱ्यासारखं दिसत नाही हे त्यांना खुपायला लागतं. पण बाय त्या वयाला पोचायची होती. म्हणजे कारण बाहेरचं, असा मी निष्कर्ष काढला. बाबांना सांगितलं, "एक महिना भिंतीवरची चित्रं काढून ठेवा. कौतुक नको, स्पर्धेचा विषय नको, स्टेटसला फोटो नको. तिला मोकळं सोडा."

ते माझं ऐकणारे निघाले. त्याच रात्री दुकान बंद करताना त्यांनी बावीसही चित्रं उतरवली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाय नेहमीसारखी दुकानात गेली. भिंतीवर चिकटपट्टीचे पांढरे चौकोन तेवढे उरले होते. शनिवारी वर्गात आली, दप्तर खाली न ठेवता उभी राहिली आणि मला विचारलं, "टीचर, माझी चित्रं खराब झाली काय?"

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही, म्हणजे ते धड नसणार. पुढचे दोन शनिवार ती आली नाही.

तिच्या बाजूने बघितलं तर घडलं ते असं: नंबर आला नाही, सात महिने ती काढू शकली नाही, आणि मग बाबांनी सगळं उतरवलं. बापाचा अभिमान तिला ओझं होता हे खरं. पण तो तिच्या डोक्यावरचं छप्परही होता. लॉकडाऊनमध्ये शेजारी बसून टोकं काढून देणारा माणूस आणि भिंतीवर लॅमिनेशन लावणारा माणूस तिच्या लेखी एकच होता, आणि मी त्याला हात मागे घ्यायला सांगितलं होतं. मी दुकानात जाऊन त्यांची माफी मागितली. त्यांनी उलट माझ्यासाठी चहा मागवला आणि चित्रं परत लावायला घेतली. मीही दोन लावली. पूर्वीची सरळ ओळ काही परत जमली नाही.

आजीचा तळहात

जुलैच्या शेवटी, भर पावसात, मी त्यांच्या घरी गेले. आजी सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, साखर वाढलेली म्हणून ऑपरेशन पुढे ढकललेलं. तिला उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरून ओळखायची. आदल्या रात्रीच्या वाऱ्याने परसातलं काजूचं झाड आडवं झालं होतं. घरात सगळ्यांनी ते जाऊन पाहिलं, आजीला कोणी नीट सांगितलं नव्हतं.

"कसं पडलंय गो बाय? घराकडे तोंड करून की वहाळाकडे?"

बाय सांगायला लागली. हातवारे करायची, मग आजीला दिसत नाही हे लक्षात येऊन थांबायची. आजीने आपला उजवा हात पुढे केला. "ह्याच्यावर काढ."

बायने तिच्या तळहातावर बोटाने खोड काढलं, मनगटाकडून बोटांकडे. आजी म्हणाली, "आणि मुळं?" बायचं बोट थांबलं. तिला मुळं आठवेनात. ती उठली, पावसात छत्री न घेता परसात गेली, बघून आली आणि ओल्या बोटाने आजीच्या मनगटावर पाच-सहा रेघा ओढल्या. "अर्धी वर आलीत. अर्धी अजून मातीत आहेत. आणि मातीचा गोळा तसाच वर आलाय, मोठा, तुझ्या पाटाएवढा."

"मग जगेल," आजी म्हणाली. "अर्धी मातीत आहेत तर जगेल."

त्या दिवशी बायने कागदाला हात लावला नाही. पण नोव्हेंबरनंतरचं तिचं पहिलं चित्र मी पाहिलं ते हेच, असं मी धरते.

घरी परतताना मला फोल्डरातल्या त्या जुन्या ओळी आठवत होत्या. "म्हणते, मी खाली निजून बघितलं." आईने ते लिहिलं, कारण तिने तेव्हा विचारलं होतं. आजी आता विचारते, कारण तिला दिसत नाही. तिला चित्र छान की वाईट हे ठरवताच येत नाही, म्हणून झाड कुठल्या बाजूला पडलं हे ती विचारते. आणि त्या प्रश्नाचं उत्तर घरात फक्त बायकडे असतं.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा 1998 चा अभ्यास आपल्याकडेही पालकसभांत बराच सांगितला जातो: "तू हुशार आहेस" अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे सोपीच कोडी निवडतात आणि एकदा अडली की खचतात, तर मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहतात. मी तो पालकांना नेहमी सांगते. पण सोप्यावर जे पाहिलं त्यात हुशारीचं कौतुक नव्हतं, मेहनतीचंही नव्हतं. आजीला काजूच्या झाडाची काळजी होती, एवढंच. बायच्या बोलण्यावर झाड जगणार की नाही हे ठरणार होतं.

बाबांचा ट्रक

मी बाबांना ही हकीगत सांगितली. त्यांची अडचण खरी होती. "टीचर, पोरीने चित्र आणून दाखवलं की माझ्या तोंडातून 'व्वा' आपोआप बाहेर पडतं. ते कसं अडवू?"

"अडवू नका. आलं तर म्हणा. पण त्यानंतर एक तरी प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर फक्त तिला माहीत आहे."

"मला चित्रातलं काही कळत नाही हो."

"मग तुम्हाला कशातलं कळतं?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. काउंटरवरची एक वायर गुंडाळली, उलगडली. "ट्रकातलं," म्हणाले.

ट्रक विकला तेव्हा बायचा जन्मही झाला नव्हता. घरात ट्रकाचा विषय निघत नसे. आजीच काय ते कधीमधी बोलायची: ट्रक दारात यायचा तेव्हा भांडी कशी वाजायची, चवथीला त्याची पूजा कशी व्हायची. ऑगस्टमध्ये एका रात्री वीज गेली होती, आणि आजीच्या त्या बोलण्यावरून बायने मेणबत्तीच्या उजेडात ट्रक काढला. एस्टिमेटच्या पाठीवर, बॉलपेनने. बाजूने बघितलेला ट्रक, पण सहाही चाकं एका ओळीत, कारण ट्रकाला सहा चाकं असतात हे आजीने सांगितलं होतं. वर दगड. टपावर एक कोंबडा. कोंबडा कुठून आला ते अजून कोणालाच ठाऊक नाही.

हे मला आईने फोनवर सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी. बाबांनी चित्र हातात घेतलं. "व्वा" म्हणाले नाहीत. बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी विचारलं, "हा भरलेला आहे की रिकामा?"

बाय म्हणाली, "भरलेला. दगड दिसतायत ना?"

"मग मागची चाकं एवढी गोल नसतात. भरला की टायर खाली बसतो."

"कसा बसतो?"

त्यांनी आपली मूठ जमिनीवर टेकवली, वरून दुसऱ्या हाताने दाबली. मग मागे एकेका बाजूला दोन-दोन चाकं जोडून कशी असतात ते दोन वाट्या आणून दाखवलं. हौदा वर कसा उचलला जातो, माल सांडताना काय आवाज येतो, पावसात घाटी चढताना पोटात गोळा कसा यायचा. आई म्हणाली, वीज साडेदहाला आली तरी दोघं उठले नाहीत. अकरा वर्षांत ते इतकं कधी बोलले नव्हते. बायने त्या रात्री चार ट्रक काढले. चौथ्याची मागची चाकं खाली बसलेली आहेत.

आणि चौथ्याच्या मागे आईचं अक्षर आहे: "हा भरलेला. म्हणते, बाबांना भीती वाटली की कोंबडा ओरडतो."

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची एक गोष्ट गोव्यात पुष्कळांना माहीत असते. लहानपणी ते लोटली गावातल्या घरात भिंतींवर चित्रं काढायचे. आईने ते पाहिलं आणि त्यांना एक कोरी वही आणून दिली. ती वही म्हणजे त्यांची पहिली डायरी, आणि त्यांनी पुढे वर्षानुवर्षं डायऱ्या भरल्या त्या आसपासच्या माणसांनी. पालकसभेत ही गोष्ट सांगताना आपण शेवटी पद्मविभूषणवर येतो, म्हणजे पुन्हा नंबरावरच. मला त्यातली वही महत्त्वाची वाटते. त्या बाईने भिंत फ्रेम केली नाही. "अजून काय काय बघितलंस ते ह्यात काढ" अशी जागा करून दिली. एस्टिमेटची पॅडं पोरीपुढे ठेवणाऱ्या बाबांनीही 2020 मध्ये तेच केलं होतं. त्यांना नवीन काही शिकवायची गरज नव्हती, जे येत होतं तिथे परत न्यायचं होतं.

त्यानंतर

सप्टेंबरपासून बाय वर्गात नियमित आली. मी तिला विषय दिला नाही. ती घरून प्रश्न घेऊन यायची, बहुधा आजीचे. डंपवरची झाडं एकाच उंचीची का, वहाळाचं पाणी कुठे लाल होतं आणि कुठे परत साधं. हे बघायला आम्ही दोनदा तिथवर चालत गेलो.

नोव्हेंबर 2023 मध्ये पुन्हा बालदिनाची स्पर्धा आली. जायचं की नाही हे तिच्यावर सोडलं. ती गेली. तिने डंप काढला, तांबड्या रंगाची अख्खी कांडी संपवून, आणि वेळ संपली तेव्हा वरची निम्मी झाडं राहिली होती. नंबर आला नाही. बाबा बाहेर उभे होते, आणि मला त्यांचीच जास्त धास्ती होती. स्कूटरवर बसता बसता त्यांनी विचारलं, "झाडं का राहिली गो?" ती म्हणाली, "पायऱ्या मोजत होते. सात आहेत." घरी जाऊन तिने तो कागद पुरा केला. दुकानात तो आता त्रिकोणी डोंगरांच्या शेजारी आहे. बाबांनी तिथलं एकही जुनं चित्र काढलेलं नाही आणि मी सुचवलंही नाही. गिऱ्हाइकाला ते अजून सगळी भिंत दाखवतात. नंबरही सांगतात. पण डंपाशी आले की, "सात पायऱ्या आहेत, मोजा," म्हणतात.

आजीचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालं. पट्टी सुटल्यावर तिला सगळं दिसायला लागलं, आणि मला एक धाकधूक होती: आता तीही "छान" म्हणून मोकळी होईल. तिने ट्रकाचा कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि बायला म्हणाली, "तू सांगितलास त्याहून हा लहान आहे. मोठा काढ." बाय रुसली. दोन दिवसांनी तिने दोन कागद जोडून मोठा काढला.

ती पुढे चित्रकार होईल का हे मला कोणी विचारलं तर मी उत्तर देत नाही. ती नऊ वर्षांची होईल, मग दहा, आणि हात खऱ्यासारखा चालत नाही म्हणून कदाचित पुन्हा अडेल. तेव्हा वेगळं काही करावं लागेल.

2024 च्या चवथीला मी त्यांच्याकडे गणपतीला गेले होते. माटोळी बांधून झाली होती, खाली पाट मांडलेले. आईने निळा फोल्डर बाहेर काढला होता, कारण काकीचा मुलगा आता साडेतीन वर्षांचा, त्याला चित्रं बघायची होती. बाबांनी स्वतः तो घडीचा कागद शोधून काढला, गुडघ्यावर ठेवून तळहाताने सपाट केला. घडीची रेघ पोटावरून गेली होती, ती काही जाईना. मुलाने पोटातल्या बाळावर बोट ठेवलं.

"हा कोण?"

"तू," बाय म्हणाली.

"मला वेण्या?"

"तेव्हा होत्या," ती म्हणाली. "बाहेर येताना तू आत विसरलास."